तांबटाचा लाल आणि एक शुद्धिपत्र

फसवणूक सिद्ध करायची तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: फसवणाऱ्याचा हेतू आणि फसणाऱ्याचा विश्वास. पहिल्या मुद्द्यावर माझ्या घरचे लोक माझ्याशी अखेरपर्यंत वाद घालत राहिले. दुसऱ्या मुद्द्यावर कुणी कधी हरकत घेतली नाही. विश्वास माझ्या बाजूने पूर्ण होता, लेखी होता, आणि माझ्या सहीनिशी छापूनही आलेला होता.

त्या वेळी आम्ही कोथरूडला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. दादा, आई आणि मी. दादा म्हणजे माझे वडील. शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि निवृत्तीनंतरही हाताच्या बोटांना पेन्सिलीचा करडेपणा कायम होता. मी वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन एका ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी करत होतो, म्हणजे त्यांच्या फायली उचलून न्यायालयाचे जिने चढत होतो. लग्न झालेले नव्हते, मते मात्र सगळी झालेली होती. कचऱ्याच्या कुंडीबद्दल, बसच्या थांब्याबद्दल, वर्तमानपत्रातल्या चुकीच्या कलमांबद्दल मी नियमित पत्रे लिहीत असे आणि प्रत्येकाची प्रत ठेवत असे. आई शेजारणींना सांगायची, "बाकीच्यांची मुलं क्रिकेट खेळून दमतात, आमचा विनू तिकिटं चाटून दमतो." तिशीच्या आसपासच्या माणसाला मूल म्हणणे मला तेव्हा झोंबायचे. आता वाटते, त्या वर्षापर्यंत मी मूलच होतो. माणूस मोठा कधी होतो, तर ज्यांना तो कायदा समजत आला त्यांनीच कायदा मोडलेला त्याला दिसतो तेव्हा.

आमच्या घराची सकाळ आवाजांनी व्हायची. खालच्या पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर आडवी करून किका मारत असायचे, समोरच्या घरातला कुकर आमच्यापेक्षा एक शिट्टी पुढे असायचा, आणि या सगळ्याच्या मागे सोसायटीच्या उंबरावर तांबट पक्ष्याचा तो एकसुरी ठोका, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा, टुक टुक टुक, दुपारपर्यंत न थकता. दादा गॅलरीत खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसत. हिरव्या पानांतला हिरवा पक्षी, पण कपाळावर आणि गळ्याखाली असा लाल की जणू कुंकवाचा करंडा सांडला. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या पक्ष्यांचे मुलांसाठी एक पुस्तक करायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा बेत होता. बुलबुल, दयाळ, शिंजीर, हळद्या, भारद्वाज, सगळ्यांची रेखाचित्रे शाईत पूर्ण होती. फक्त रंग भरायचे राहिले होते, आणि तेवढ्यात डोळे गेले.

गेले म्हणजे एकदम नाही. पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, कडेने दिसत राहील, मधोमध अंधुक होत जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले. किती दिवसांत, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "जे पाहायचं राहिलंय ते लवकर पाहून घ्या." हे उत्तर मला अत्यंत बेजबाबदार वाटले आणि मी तसे त्यांना पत्राने कळवले. घरात मात्र आईने कुणाला पत्र न लिहिता एक गोष्ट केली. स्टीलच्या ताटात दादांना पांढरा भात दिसेनासा झाला होता. ते रिकाम्या जागी घास कालवत. एक दिवस तिने गडद निळे, चिनी मातीचे ताट आणले. त्यात वरणभात ढगासारखा उठून दिसे. दादा पहिल्या दिवशी जेवताना एवढेच म्हणाले, "आज भात जास्त वाढलाय वाटतं."

कॉम्प्युटरची कल्पना सुधीरची. सुधीर हा दादांचा जुना विद्यार्थी, माझ्याच वयाचा, बुधवार पेठेतल्या एका दुकानात कॉम्प्युटर जुळवायचे काम करणारा. त्याचे म्हणणे असे की कागदावरची रेघ सरांना दिसत नसली तरी पडद्यावर ती चौपट, आठपट मोठी करता येते. त्याने यंत्र आणून आमच्या बाहेरच्या खोलीत बसवले, तांबटाचे शाईचे चित्र स्कॅन करून पडद्यावर आणले आणि मोठे करत नेले. आधी पक्षी, मग डोके, मग फक्त चोच आणि मिशांचे केस. दादा पुढे झुकले. मान किंचित तिरपी करून, डोळ्याच्या कडेने, त्यांनी आपलीच रेघ पाहिली. मग म्हणाले, "इथे हात हलला होता माझा. दुरुस्त करू का?" आईने त्या दिवशी कुणी सांगितले नसताना शिरा केला.

आता प्रश्न आला तो रंगवायचे कशात. सुधीरने दोन सीडी टेबलावर ठेवल्या. एकीवर स्केचपेनने काहीतरी खरडलेले, दुसरी कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली.

"ही घे वकीलसाहेब," पहिली पुढे करून तो म्हणाला. "यात सगळं आहे. जगातले सगळे आर्टिस्ट हेच वापरतात."

"बिल?"

"कसलं बिल?"

"जे विकत घेतलं त्याचं."

"अरे बाबा, सीडीचं बिल मागणारा आमच्या गल्लीत तू पहिला. मशीनबरोबर सिस्टिमचं बिल मागितलंस तेव्हाच मालक विचारत होते, घरी काही दुःख आहे का ह्यांच्या."

मी त्याला शांतपणे सांगितले, शांतपणे म्हणजे उभे राहून, की ही चोरी आहे. सगळे करतात म्हणून चोरीचे वहिवाटीत रूपांतर होत नाही. त्या सीडीतला कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, रीतसर विकत घेणे आमच्या कुवतीपलीकडचे होते, हेही खरे. मग मी दुसरी सीडी उचलली. हे सॉफ्टवेअर मुक्त होते. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, जाहिरातीची सवय नाही. दोन्हींचे परवाने मी छापून घेतले आणि दस्त वाचावा तसे, लाल पेन्सिल हातात धरून, दोन रविवार वाचत बसलो. पहिल्यात प्रत्येक कलम वापरणाऱ्याचे काहीतरी काढून घेत होते. दुसऱ्यात उलटा प्रकार. वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एकच, की तुम्हाला जे मिळाले ते पुढच्यालाही मिळाले पाहिजे. मी तोवर भाडेपट्टे वाचले होते, गहाणखते वाचली होती, वाटणीपत्रे वाचली होती. देणाऱ्याने स्वतःचेच हात बांधून घेतले आहेत असा करार मी प्रथमच वाचत होतो. खरे सांगतो, शेवटच्या पानावर माझे डोळे पाणावले.

"फुकट ते पौष्टिक," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"फुकट नव्हे, मुक्त," मी म्हणालो आणि तिला फरक समजावून सांगायला गेलो. तिने माझ्या हातात सोलायला लसूण दिला.

दादांनी मात्र माझी बाजू लगेच घेतली, आणि हे मी मुद्दाम नोंदवतो. या माणसाने आयुष्यभर मुलांना एकच गोष्ट शिकवली होती: गिरवायचे नाही. वर्गात कुणाचे चित्र संशयास्पद वाटले की ते कागद खिडकीच्या उजेडाला धरत आणि म्हणत, "ही रेघ मेलेली आहे. कुणाच्या तरी रेघेवर झोपून आली आहे." सुधीरलाच त्यांनी एकदा मोर गिरवल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केले होते. मी आठ वर्षांचा असताना कॅलेंडरवरचा गणपती गिरवला, तर माझ्याकडून कागद न फाडता, न रागावता, सबंध सुट्टीभर रोज एक गणपती मनाने काढून घेतला होता. माझ्या डोक्यात कायदा महाविद्यालयात शिरला असे लोक समजतात. तो त्या सुट्टीत शिरला.

म्हणून ते मासिकाच्या सीडीतले सॉफ्टवेअर बसले आणि आमच्या घरातले ते सर्वांत सुखाचे दिवस सुरू झाले. आईने मॉनिटरला क्रोशाचे झाकण विणले, निळ्या किनारीचे. मी न्यायालयातून येई, हातपाय धुई, थालीपीठ आणि लोण्याचा गोळा खाऊन दादांच्या शेजारी बसे. ते माउस धरत, मी मेनू वाचून दाखवी. कुंचल्याची जाडी, रंगाचे थर, एक थर लपवून खालचा पाहणे. थरांची कल्पना त्यांना फार आवडली. "म्हणजे चुकलं तरी खालचं शाबूत," ते म्हणाले. "हे आधी असतं तर किती पोरं मार खाण्यातून वाचली असती." सॉफ्टवेअर अधूनमधून मध्येच बंद पडे, आणि कुंचला कधीकधी हाताच्या मागून रेंगाळत येई. दादा थांबून त्याची वाट बघत. म्हणत, "येईल. नवा विद्यार्थी आहे."

अडचण छपाईची निघाली. पडद्यावरचा रंग तीन उजेडांचा असतो: लाल, हिरवा, निळा. छापखान्यातला रंग चार शायांचा. आमच्या सॉफ्टवेअरला त्या काळी फक्त उजेडाची भाषा येत होती. शायांची येत नव्हती. मी ते बनवणाऱ्या मंडळींना परदेशी पत्र पाठवले, चार रंगांची सोय कधी होईल असे विचारणारे. त्यांचे उत्तर आले, हे त्यांच्या खाती जमा केले पाहिजे. ते लिहीत होते की काम मोठे आहे, सगळे आपापल्या सवडीने करतात, कुणीतरी हाती घेईल तेव्हा होईल. मला त्यातला प्रामाणिकपणा इतका भावला की मी ते दादांना मोठ्याने वाचून दाखवले. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." आणि उठून गॅलरीत गेले.

मी कायदेशीर वाट शोधून काढली. कात्रजच्या डेअरीपलीकडे कुलथे नावाच्या गृहस्थांचा छापखाना होता. त्यांनी तो दुसरा, महागडा कार्यक्रम रीतसर विकत घेतला होता. त्याचा खोका त्यांनी काचेच्या कपाटात गणपतीसारखा बसवला होता. मी बिल पाहायला मागितले, त्यांनी दाखवले. ठरले असे की आम्ही आमच्या फाइली द्यायच्या आणि चार रंगांत रूपांतर त्यांच्या ऑपरेटरने त्यांच्या यंत्रावर करायचे. सगळीकडे परवाना, कुठेही फट नाही. पहिल्या चित्राचा नमुना कागदावर छापून आला तेव्हा मी अभिमानाने तो दादांपुढे ठेवला. त्यांनी भिंग घेतले, कागद नाकाजवळ नेला, मान तिरपी केली. तांबटाच्या कपाळाचा लाल विटकरी झाला होता आणि पानांचा हिरवा शेवाळलेल्या हौदासारखा. त्यांनी भिंग खाली ठेवले.

"कसं वाटलं?" मी विचारले.

"छापलंय चांगलं," ते म्हणाले.

पुण्याच्या माणसाने छपाईचे कौतुक केले की चित्राबद्दल काय समजायचे ते समजावे. मला ते समजले नाही. मी कुलथ्यांना रंग सुधारण्याविषयी सविस्तर पत्र लिहिले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपलो.

पुढच्या काही आठवड्यांत घरात काही बारीक फरक झाले होते. आज आठवतात. संध्याकाळी परत आल्यावर मॉनिटरवर हात ठेवला तर काच कोमट लागे. क्रोशाच्या झाकणाची निळी किनार, जी आई नेहमी पुढे ठेवी, ती भिंतीकडे गेलेली असे. ओट्यावर पालथे घातलेले कप दोनाऐवजी तीन असत आणि पोह्यांचा वास दुपारचा असे. पक्षकार खोटे बोलतो आहे की नाही हे मी त्याच्या चपलांवरून ओळखतो अशी माझी तेव्हा ख्याती होती. स्वतःच्या घरात मी कधी चपला मोजल्या नाहीत. मोजायच्या नसतात.

नंतरचे नमुने आले ते पाहून मी थक्क झालो. हळद्या पिवळाजर्द, शिंजिराच्या गळ्यावर जांभळी झळाळी, आणि तांबट असा, की कागदावर बोट ठेवले तर कुंकू लागेल. मी पुस्तकाचा प्रकाशक म्हणून पहिल्या पानासाठी निवेदन लिहिले आणि जेवताना वाचून दाखवले: "या पुस्तकातील प्रत्येक चित्र मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रंगवलेले असून त्याच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर विनापरवाना साधन वापरण्यात आलेले नाही."

दादा निळ्या ताटातला घास हातात धरून थांबले. "'कोणत्याही टप्प्यावर' हे हवंच आहे का रे?"

"हवंच. नाहीतर पळवाट राहते."

"विनू, भात?" आई मध्येच म्हणाली. मी तिला म्हणालो, ताटात भात आहे. तिने तरीही वाढला. दादांनी ताकाची वाटी ओढली आणि ताक पिऊन टाकले.

निवेदनाचा फर्मा छापून झाला. सोळा पानांचा पहिला फर्मा, त्यात ते पान, त्याखाली माझी सही. आणि मी, जो आयुष्यभर तक्रारीची पत्रे लिहीत आलो होतो, त्याने आयुष्यातले पहिले आभाराचे पत्र लिहिले. कुलथ्यांना. आपल्या ऑपरेटरने ज्या साक्षेपाने रंग साधले त्याबद्दल प्रकाशक ऋणी आहे, वगैरे. ते पत्र लिहिले नसते तर मला आजही काही कळले नसते. सज्जनपणाचा एक क्षण नडला.

पत्र पोचल्यावर कुलथ्यांचा फोन आला. "विनायकराव, आभारपत्र मिळालं. आमच्या धंद्यात असं पत्र येत नाही, फ्रेम करून लावतो. पण आमच्या ऑपरेटरला कसलं श्रेय देताय? तो केव्हाचा गावाला गेलाय. चार रंगांच्या फाइली तुमच्याकडूनच आल्या ना. तो तुमचा सुधीर देऊन गेला. आम्ही नुसत्या छापल्या."

मी फोन ठेवला. दादा कॉम्प्युटरपुढे होते, आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिच्या हातातली जुडी थांबली. त्यावरूनच मला कळले की तिला माहीत आहे.

"दादा, चार रंगांच्या फाइली कुणी केल्या?"

"मी," ते म्हणाले. खुर्ची वळवलीसुद्धा नाही.

"कशात?"

"तुला माहीत आहे कशात."

"सुधीरनं तुमच्या गळ्यात मारली ती सीडी?"

"सुधीरला मी सांगितलं आणायला. तो नाही म्हणत होता. दोनदा नाही म्हणाला."

"मला विचारलं का नाहीत?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"हो."

कबुली मिळाली की उलटतपासणी संपते. मला उलटतपासणी करायची होती. माझ्याकडे प्रश्न होते, आठ वर्षांच्या वयापासूनचे प्रश्न होते, आणि त्यांनी एका अक्षरात दावा मिटवून टाकला. मी ओरडलो. खिडकीच्या उजेडाला धरलेले कागद काढले, कॅलेंडरवरचा गणपती काढला, वर्गाबाहेर उभा केलेला सुधीर काढला. त्या पानावर माझी सही आहे, म्हणालो. पुण्यातल्या प्रत्येक मुलाच्या हातात तुम्ही माझ्या नावाचे खोटे देणार. आई म्हणाली, "हळू, खाली ऐकू जातंय." मी म्हणालो, जाऊ दे.

दादांनी खुर्ची वळवली. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, कानाजवळ कुठेतरी होती. तसे पाहिल्याशिवाय त्यांना मी दिसत नसे. "तुझं सॉफ्टवेअर शिकेल रे चार रंग," ते म्हणाले. "चांगली माणसं आहेत, तूच वाचून दाखवलंस. शिकतील, सवडीनं. मी कुठे थांबू? तांबटाचा लाल मला आज दिसतोय. पुढच्या वर्षी तो आठवावा लागेल. आठवून काढलेला लाल मला नको होता."

"मग मला सांगायचं. मी निवेदन लिहिलं नसतं."

यावर मात्र त्यांनी खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली. माझे सगळे म्हणणे एवढेच होते आणि आजही एवढेच आहे. चोरी मी कदाचित समजून घेतली असती. डोळे जाणाऱ्या माणसाची निकड कोणतेही न्यायालय विचारात घेईल. पण ते रोज दुपारी झाकण काढत होते, रोज झाकण घालत होते, आणि संध्याकाळी माझ्या शेजारी बसून त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या रेंगाळणाऱ्या कुंचल्याला "येईल, येईल" म्हणत होते. माझे समाधान व्हावे म्हणून. लहान मुलापुढे औषध घेतल्याचे नाटक करावे तसे.

संध्याकाळी सुधीर आला. त्याला आईने कळवले असावे. दारातच उभा राहिला. "वकीलसाहेब, एक ऐकून घे. ज्या सरांनी मोर गिरवला म्हणून मला बाहेर उभं केलं, ते मला म्हणाले, सुधीर, ती सीडी आण. मी त्यांना नाही म्हणू शकलो असतो का?"

"मला सांगू शकला असतास."

"तुला?" तो म्हणाला. "तू मला नोटीस पाठवली असतीस."

पाठवली असती, यात शंका नाही.

छपाई थांबवून सगळी चित्रे पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करावीत, असे माझ्यातला कायदा म्हणत होता. डॉक्टरांचे ते वाक्य, ज्याच्याविरुद्ध मी पत्र लिहिले होते, त्याच्या उलट म्हणत होते. मी पुस्तक थांबवले नाही. पण निवेदन तसेच जाऊ देणे मला शक्य नव्हते. पुस्तकात चूक राहून गेली की आपल्याकडे शुद्धिपत्र लावतात, छोटी चिठ्ठी छापून चुकीच्या जागी डकवतात. मी ठरवले की प्रत्येक प्रतीत, निवेदनावर, शुद्धिपत्र डकवले जाईल. आई पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "लोकांपुढे बापाला चोर म्हणणार तू? मुलांच्या पुस्तकात?"

"मी कुणालाच काही म्हणत नाही. विधान मागे घेतोय."

"मजकूर वाच," दादा म्हणाले.

मी वाचला: 'या पानावरील निवेदन सत्य नसल्याचे आढळल्यामुळे ते मागे घेण्यात येत आहे. काही चित्रांचे काम विनापरवाना साधनाने झाले आहे.'

"कुणी केलं ते नाही त्यात."

"मुद्दाम घातलेलं नाही."

"मग सुधीरवर जाईल. कॉम्प्युटरवाला तोच दिसतो सगळ्यांना." ते पुढे म्हणाले, "'चित्रकाराने प्रकाशकाच्या नकळत केले' असं घाल. तुझ्या भाषेत काय बसेल ते बघ."

मी ते तसेच घातले. माझ्या भाषेत ते बरोबर बसत होते.

चिठ्ठ्या डकवायला आईने मैद्याची खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद टाकून, झुरळे लागू नयेत म्हणून. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रे पसरली, प्रतींचे गठ्ठे आले आणि आम्ही बसलो. सुधीर न बोलावता आला आणि न विचारता टेबलाच्या कडेला बसून चिठ्ठ्या कापू लागला. मी त्याच्याशी बोलत नव्हतो. मध्येच तो म्हणाला, "खळ जास्त होतेय तुझी, पान सुरकुतेल," आणि मी कमी घेतली. पुढे त्याच्याशी बोलणे सुरू झाले, त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवलोही. कॉम्प्युटर बिघडला तर येता यावे म्हणून त्याला दिलेली घराची किल्ली मात्र मी त्या आठवड्यात परत घेतली आणि पुन्हा कधी दिली नाही.

त्या महागड्या कार्यक्रमाच्या कंपनीलाही मी पत्र लिहिले, एका पुस्तकापुरत्या वापराची भरपाई किती, असे विचारणारे. स्मरणपत्रेही पाठवली. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. मधल्या काळात त्यांनी तो कार्यक्रम विकणेच बंद केले; आता तो दरमहा भाड्याने मिळतो, आणि भाडे थकले की स्वतःच्याच चित्रापुढे माणूस कुलूप बघत बसतो. हे ऐकले तेव्हा मी दिवसभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. त्यांच्या परवान्यात ही दिशा पहिल्यापासून दिसत होती, लाल पेन्सिलीच्या खुणा माझ्याकडे आहेत.

आमचे ते मुक्त सॉफ्टवेअर चार रंग शिकले. दादा म्हणाले होते तसे, सवडीने. ते शिकल्याची बातमी मला कळली तेव्हा दादा नव्हते. मी कॉम्प्युटरला जोडून चित्र काढायची लेखणीची पाटी घेतली, रेखाचित्रे पुन्हा स्कॅन केली आणि एकेक पक्षी रंगवायला बसलो. वकिली केलेल्या हाताने. कुंचला आता रेंगाळत नाही. सगळे पक्षी झाले आहेत, नव्या आवृत्तीत माझे मूळ निवेदन शब्दशः खरे ठरू शकते, 'कोणत्याही टप्प्यावर' धरून. पण तांबट मी अनेकदा केला आणि दादांच्या छापील तांबटाशेजारी ठेवून पाहिला. माझा लाल कायदेशीर आहे, एवढेच. दोष सॉफ्टवेअरचा नाही, हे मी लेखी देतो. मी तो पक्षी ऐन उमेदीत रोज सकाळी ऐकला, पण गॅलरीत बसून पाहिला नाही. मी पत्रे लिहीत होतो. म्हणून नवी आवृत्ती अजून निघालेली नाही. आणि म्हणून माझा रागही अजून उतरलेला नाही, कारण तो लाल त्यांनी माझ्या नकळत मिळवला, आणि तो तसाच मिळू शकत होता की काय, हा प्रश्न मला विचारायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

पुस्तक बांधून आले तेव्हा दादांना अजून कडेने दिसत होते. त्यांनी तांबटाचे पान उजेडात धरले, मान तिरपी करून बराच वेळ पाहिले. पुढच्या वर्षी ते पान दिसेनासे झाले. तरी पुस्तक ते रोज हातात घेत. चित्रांच्या पानांवरून बोट सरळ घसरत जाई. छापलेला रंग बोटाला लागत नाही. बोट अडखळे ते एकाच ठिकाणी, पहिल्या पानावर, चिठ्ठीच्या कडेला. तिथे ते अंगठ्याच्या नखाने कोपरा उचकटून पाहत. एकदा मी समोर बसलो आहे हे त्यांच्या लक्षात आले.

"निघत नाही रे," ते म्हणाले.

"आईची खळ आहे."

"हां," दादा म्हणाले. "मग राहू दे." आणि अंगठा तिथेच ठेवून त्यांनी पुस्तक मिटले.